उकळलेलं पाणी

पंचफुलाबाईंनी हापशीचा दांडा दाबला आणि मोहिनीनं नमुन्याची बाटली धारेखाली धरली. बाटली भरून वाहू लागली, तरी तिचा हात तिथंच.

"भरली ना पोरी," पंचफुलाबाई हसल्या. "ध्यान कुठी हाय तुयं?"

मोहिनीनं बूच लावलं. या पाण्यात काय आहे ते तिला सोमवारीच कळलं होतं. आजचा नमुना फक्त पाहुण्यांना दाखवण्यापुरता होता.

पाहुणे म्हणजे नागपूरहून आलेल्या फाउंडेशनच्या अधिकारी बाई. देवळीचं एक कॉलेज आणि रोहण्यापलीकडच्या या वस्तीतलं पंचफुलाबाईंचं महिला मंडळ, अशा दोघांना मिळून त्यांनी पिण्याच्या पाण्याच्या प्रकल्पासाठी अनुदान दिलं होतं. तपासणी कॉलेजनं करायची, घरोघरची माहिती मंडळानं गोळा करायची. पुढच्या वर्षाचं अनुदान आजच्या भेटीवर ठरायचं होतं आणि कॉलेजात पाणी तपासणाऱ्या मोहिनीची नोकरी त्या अनुदानावर.

सकाळी गाडीत कॉलेजचे प्राचार्य ढोले यांनी पुढच्या सीटवरून मान न वळवता सांगितलं होतं, "पाण्यात निघालेल्या नायट्रेटचा विषय आज काढायचा नाही. परवानगीशिवाय निष्कर्ष बाहेर जाऊ द्यायचे नाहीत, असं करारात आहे. आधी फाउंडेशनच्या समितीपुढं जाऊ दे."

"पण सर, लहान मुलं..."

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, मोहिनी. वस्तीत घबराट झाली तर प्रकल्पच बंद पडेल."

ती खिडकीकडे वळली होती. बाहेर कपाशीची शेतं मागं जात होती.

समाजमंदिरात सतरंज्या अंथरल्या होत्या. अधिकारी बाई खुर्ची सोडून खालीच बायांच्यात बसल्या, तसा ढोले सरांचाही नाइलाज झाला. मोहिनी दाराजवळ, भिंतीला टेकून बसली. तिच्या शेजारी पंचफुलाबाईंची सून आचल होती, मांडीवर बाळ घेऊन.

"प्रकल्पानं काय बदललं, ते तुमच्या तोंडून ऐकायचंय," अधिकारी बाई म्हणाल्या.

पंचफुलाबाई उभ्या राहिल्या. पदर सारखा केला.

"आधी इथं कोणी पाणी उकळत नव्हतं. भेटन तसं प्यायचं. या मोहिनीनं घरोघरी फिरून शिकवलं. आता मायाच घरचं सांगते. सुनंले दूध नाई उतरलं, नातवाले पावडरीचं देतो. त्याचं पाणी मी सोता उकळते. असंतसं नाई, पार आटून निमं होईपर्यंत."

बायांनी टाळ्या वाजवल्या. अधिकारी बाईंनी मोहिनीकडे पाहून कौतुकानं मान हलवली.

 उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट जात नाही. पाणी आटेल तसं ते दाट होतं. हे तिला सोमवारपासून ठाऊक होतं, पण ते निमं पाणी कुणाच्या पोटात जातंय, हे आत्ता कळत होतं.

तिनं बाळाकडे पाहिलं. ते रडत नव्हतं. डोळे अर्धवट मिटलेले होते.

"झोपलाय?" तिनं हळूच विचारलं.

"परवापासून असाच सुस्त हाय," आचल सासूकडे पाहत कुजबुजली. "ओठ पाह्यना, कसे सावळे पडून राह्यले. आत्या म्हणते, सर्दी असन."

मोहिनीनं बाळाची मूठ उघडली. नखं निळसर होती.

समोर ढोले सर बोलू लागले होते. कॉलेज आणि गाव यांच्यातल्या विश्वासाबद्दल. बोलता बोलता त्यांची नजर मोहिनीवर येऊन थांबली आणि पुढं सरकली. आचलनं पिशवीतून दुधाची बाटली काढली, हलवली, आणि बाळाच्या ओठांशी नेली.

मोहिनीनं ती हिसकावून घेतली.

"नको देऊ!"

आवाज हवा त्याहून मोठा निघाला. सगळ्या माना वळल्या.

"मोहिनी, बसून घ्या," ढोले सर म्हणाले.

ती बसली नाही. "हापशीच्या पाण्यात नायट्रेट आहे. खूप आहे. उकळून ते जात नाही, वाढतं. तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. याला आत्ताच्या आत्ता आर्वीला न्यायला पाहिजे."

 अधिकारी बाईंनी विचारलं, "सर, रिपोर्ट आलाय?"

 ढोले सर उठले, आचलपाशी येऊन वाकले. बाळाच्या ओठांकडे पाहिलं, आणि तसेच अनवाणी बाहेर गेले. त्यांचा आवाज आला, "गाडी दारात लाव. लवकर!"

बाया एकदम बोलू लागल्या. कुणी आपापल्या लेकरांची नावं घेत होतं, कुणी दोर घेऊन हापशी बांधायला धावलं. पंचफुलाबाई मात्र सतरंजी ओलांडून सरळ मोहिनीपाशी आल्या. तिच्या हातातली दुधाची बाटली घेतली.

"कधी कळलं तुले?"

"सोमवारी."

"सोमवारी तं तू मले फोन केलता," पंचफुलाबाई म्हणाल्या. "मीटिंगले किती बाया येतीन म्हून."

मोहिनीला करार आठवला, समिती आठवली. 

गाडी लागली. आचल बाळाला घेऊन मागच्या सीटवर मधे बसली, पलीकडे पंचफुलाबाई. दाराकडच्या मोकळ्या जागेवर पंचफुलाबाईंनी लंगोटांची पिशवी ठेवली.

मोहिनी उघड्या दारापाशी आली. "डॉक्टरांना मी समजावून सांगते. आकडे माझ्याकडे आहेत."

पंचफुलाबाई समोर काचेतून रस्त्याकडे बघत राहिल्या. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मोहिनीचा हात दारावरच होता. तो काढायचा की नाही, हे तिला ठरवता येईना.

आचलनं सासूकडे एकदा पाहिलं. बाळाला एका हातावर सावरलं आणि दुसऱ्या हातानं पिशवी ओढून आपल्या पायाशी घेतली.