परत आल्यावर कळवू

शरच्चंद्र गोरवाडकर गेले, ही बातमी शरच्चंद्र गोरवाडकरांना सगळ्यात शेवटी कळली. तोवर ते भलतेच खुशीत होते.

खुशीचं कारण असं, की त्यांचं दुकान चालायला लागलं होतं. सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी 'कटनीला उतरलेला माणूस' नावाची कादंबरी लिहिली, पदरमोड करून नागपुरात छापून घेतली आणि गठ्ठे दिवाणाखाली रचले. मग मुंजीत दे, साखरपुड्यात दे, दातांच्या डॉक्टरला दे, असं करत जबलपुरातल्या बहुतेक मराठी घरांत ती पोहोचवली. पोहोचली, पण वाचली कुणी नाही. "वाचून राहिलो हळूहळू," असं लोक सांगायचे. एक प्रत त्यांनी मराठी मंडळात कॅरम बोर्डाच्या एका पायाखाली पाहिली. त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नाहीत. या वयात त्यांना हारतुरे नको होते की सत्कार नको होता. शेवटच्या पानापर्यंत गेलेला एक माणूस हवा होता, बस्स.

"फुकटचं कोण वाचतं?" त्यांच्या पत्नी कुंदाबाई म्हणाल्या. "विका. पैसे मोजले की झक मारत वाचतात."

ते त्यांना पटलं. हल्ली लेखक स्वतःची ऑनलाइन दुकानं काढून थेट वाचकांना पुस्तकं विकतात, हे त्यांनी पेपरात वाचलंच होतं. सून अमिता घरूनच कॉम्प्युटरवर काम करायची. तिनं सुट्टीच्या दिवशी बसून सासऱ्यांना दुकान उभं करून दिलं. सासऱ्यांची अट एकच, दुकानात इंग्रजी शब्द दिसता कामा नये. अमिता मराठीच घरातली, पण शाळेपासून सगळं हिंदीत झालेलं. मराठी तिला कळायची पुष्कळ, यायची बेताची. तरी तिनं हौसेनं 'टोपलीत टाका', 'टोपली बघा' अशी बटणं बसवली. साठा संपल्यावर जी पाटी लागते, तिच्यासाठी शरच्चंद्ररावांनी 'विकले गेले' हे शब्द सुचवले, आणि त्याखाली 'परत आल्यावर कळवू. नंबर ठेवा.'

"बाबा, 'विकले गेले' मोबाइलवर बसून नाही राहिलं," अमिता म्हणाली. "सिर्फ 'गेले' लिहू? मतलब तो वही है ना?"

शरच्चंद्रराव तेव्हा फोटो निवडण्यात गढले होते. मुखपृष्ठावर नुसती आगगाडी होती, तिला पाहून कोण घेणार, म्हणून त्यांनी आपलाच फोटो लावायचं ठरवलं. साठीशांतीचा, कपाळाला गंध आणि गळ्यात झेंडूचा भरगच्च हार. "लिही, लिही," ते मान वर न करता म्हणाले.

"अन् माल कितना है?"

"एकच," ते म्हणाले. त्यांची कादंबरी एकच होती.

अमितानं साठा एक लिहिला, मंडळाच्या ग्रुपवर दुकानाचा पत्ता टाकला आणि दुकान नीट चालतं की नाही हे बघायला ती एक प्रत स्वतःच विकत घेऊन जेवायला उठली. दुकानानं आपलं काम चोख केलं. हार घातलेला फोटो, खाली शरच्चंद्र गोरवाडकर, त्याखाली लाल अक्षरांत 'गेले', आणि त्याखाली 'परत आल्यावर कळवू. नंबर ठेवा.'

जेवून आल्यावर अमितानं साठा दुरुस्त केला, पाटी नाहीशी झाली. पण तोवर मंडळाचे चिटणीस भाऊराव यांनी त्या पाटीचा फोटो काढून गावभर पाठवला होता. 'परत आल्यावर' म्हणजे काय, असं कुणीतरी विचारलं. "पुनर्जन्म मानत होते ते," भाऊरावांनी उत्तर दिलं. "घरच्यांनी श्रद्धा जपली, अजून काय."

आणि पुस्तकं विकली जाऊ लागली. फोन दुपारभर किणकिणत राहिला. सोबत निरोपही यायचे. 'आम्ही आपल्याला ओळखलंच नाही.' 'फार उशीर केला, क्षमा असावी.' शरच्चंद्ररावांना वाचकांचा हा विनय फार आवडला. उशीर कसला, घ्या सावकाश, असं ते फोनलाच म्हणाले.

संध्याकाळी भाऊरावांचा फोन कुंदाबाईंनी घेतला. "वहिनी, धीर धरा. शनिवारी मंडळात शोकसभा ठेवली आहे."

"कोणाची?" कुंदाबाईंनी विचारलं. मग बराच वेळ ऐकून घेतलं, फोनवर हात ठेवला आणि नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही गेलात म्हणे."

शरच्चंद्ररावांनी सगळं समजून घेतलं. घाबरले, चिडले, आणि मग हळूच म्हणाले, "सांगू नको त्यांना."

"काहून?"

"लोक पुस्तक घेऊन राहिले ना. शनिवारपर्यंत वाचतील. मग येऊ परत."

कुंदाबाईंनी भाऊरावांना "बरं" एवढंच सांगितलं, पण विधवेचं सोंग घ्यायला साफ नकार दिला. दुसऱ्याच दिवशी त्या हिरवी साडी नेसून सराफ्यात गेल्या. मंगळसूत्राची पोत तुटली होती, ती गाठवायची होती. तिथे मंडळातल्या दोघी भेटल्या आणि त्यांना पाहून भिंतीलाच टेकल्या. "तुम्ही गेला म्हणून मी काळे मणी डब्यात ठेवू का?" घरी आल्यावर त्या नवऱ्यावर डाफरल्या. मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, म्हणून ते गप्प बसले.

शनिवारी त्याच म्हणाल्या, "चला आवरा. स्वतःच्या सभेला उशीर नको."

ते मफलर गुंडाळून मागच्या रांगेत बसले. हॉल भरला होता. समोर तोच हाराचा फोटो, त्याला आणखी एक हार. कादंबरीबद्दल कोण काय बोलतं, हे ऐकायला त्यांनी कान टवकारले. भाऊराव उठले. "या महान कलाकृतीतली जानकी," ते म्हणाले, "तिचा तो त्याग, ते गावच्या विहिरीवरचं दृश्य, माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही."

पुढच्या वक्त्यालाही जानकी भावली होती. तिसऱ्या बाईंनी तर जानकी म्हणजे शरच्चंद्ररावांची आईच असणार, असं सांगून डोळे पुसले. शरच्चंद्ररावांनी एवढं सोसलं. मग त्यांना राहवेना. ते उभे राहिले.

"कादंबरीत जानकी नाहीच," ते म्हणाले. "विहीरही नाही."

"प्रश्न शेवटी घेऊ भैया, बसा," भाऊराव म्हणाले.

शरच्चंद्ररावांनी मफलर सोडला. भाऊरावांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "अच्छा, म्हणजे तुम्ही आहात," ते म्हणाले, आणि त्या आवाजात आनंदाचा लवलेश नव्हता. "मग आम्ही इथे काय करून राहिलो?"

लोकांनी दोन मिनिटांच्या स्तब्धतेशिवायच चहा घेतला आणि निघून गेले.

सोमवारपासून पुस्तकं परत यायला लागली. परत करण्याचं कारण विचारणारा एक रकाना अमितानं दुकानात ठेवला होता. तिथे बहुतेकांनी लिहिलं, 'लेखक आहेत.' एकानं लिहिलं, 'माल वर्णनाप्रमाणे नाही.' शरच्चंद्रराव जमिनीवर बसून पाकिटं फोडत आणि प्रती दिवाणाखाली सरकवत राहिले. एकाही प्रतीचं पान दुमडलेलं नव्हतं. त्यांना रडू येत होतं, आणि कुंदाबाईंना ते दिसत होतं, म्हणून त्या स्वयंपाकघरातून बाहेर येत नव्हत्या.

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक वयस्क बाई. घमापूरच्या सत्यवती, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. हातात पुस्तक.

"ठेवा इथे," शरच्चंद्रराव म्हणाले. "कारण ठाऊक आहे मला. लेखक आहेत."

"कोण आहेत?" बाईंनी विचारलं. "मला वामनबद्दल बोलायचं होतं. त्याच्या खिशात पुढच्या सतना स्टेशनचं तिकीट होतं. बहिणीनं बांधून दिलेले लाडू तसेच होते. मग तो कटनीला उतरला काहून?"

शरच्चंद्रराव दिवाणाला धरून उठले. वामन हा त्यांचा नायक होता. लाडवांची गोष्ट तर ते स्वतःच विसरले होते.

"तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत?"

"भांडायला आली ना मी. न वाचता भांडतात का?"

"पण मी गेलो, हे नव्हतं कळलं तुम्हाला? दुकानात पाटी होती."

"हो, होती. 'गेले' लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "पुस्तक संपलं असेल म्हटलं. नंबर ठेवला. आलं तसं घेतलं."

अख्ख्या जबलपुरात ती पाटी एका माणसानं बरोबर वाचली होती. शरच्चंद्ररावांचे डोळे भरून आले, आणि इतका वेळ आवरलेलं रडू आता त्यांनी आवरलं नाही. कुंदाबाई बाहेर आल्या आणि काही न विचारता चहा ठेवायला परत आत गेल्या.

सत्यवतीबाई चहा पिऊन होईपर्यंत वाद घालत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "बरं, ते जाऊ द्या. वामन घरी परत येतो का?"

शरच्चंद्ररावांनी आजवर हा विचारच केला नव्हता. "माहीत नाही," ते म्हणाले.

"लिहिलं तुम्ही, अन् तुम्हालाच माहीत नाही?"

बाईंनी पुस्तक पुन्हा आपल्या पिशवीत घातलं. चपला सरकवत त्या दाराशी थांबल्या.

"परत आल्यावर कळवा," त्या म्हणाल्या. "नंबर आहे तुमच्याजवळ."