अलापातीच्या गाडीतला चुगलखोर

मी बोलतोय, गाडीतल्या रेडिओच्या खालच्या अंधारातून. काड्यापेटीएवढा काळा डबा आहे मी. गाडी कुठे आहे आणि इंजिन चालू की बंद, एवढंच मला सांगता येतं. पण गाडी कुठे आहे हे मला कोण सांगतं ठाऊक आहे? आकाश! हजारो कोस उंचावरून फिरणारे उपग्रह मला, या काड्यापेटीला, क्षणोक्षणी हाका मारत असतात. त्याचं नवल अजून संपलेलं नाही.

कुठल्याशा कारखान्यात एका सरकत्या पट्ट्यावर माझा जन्म झाला. तिथून आम्ही सात भावंडं सामोआत आलो, राजधानी आपियातल्या एका गॅसवाल्याकडे. त्याच्या सात गाड्या बेटावरच्या गावोगावी सिलिंडर पोचवतात. मालकाची मुलगी मोएलागी ऑकलंडला शिकून नुकतीच परतली होती. तिनेच एकेका गाडीत आम्हाला बसवलं. ऑफिसातल्या पडद्यावर सात ठिपके फिरू लागले. चालता ठिपका हिरवा, थांबलेला लाल.

मी आलो अलापातीकाकांच्या गाडीत. त्यांनी वाकून मला न्याहाळलं.

"हा काय करणार?"

"तुम्ही कुठे आहात ते मला दिसणार, काका."

"मग मलाच विचार की. मी सांगेन."

"तुम्ही नेहमी 'आलोच' सांगता."

"येतोच की मग!"

शेजारच्या गाडीचा चालक फालानिको खदखदून हसला. "म्हातारबुवा, वाटेत मेव्हणीकडे थांबून कोको पिणं बंद आता!"

"माझा कोकोच बंद होईल. तुझं तर सगळं बिंग फुटेल रे!" काका म्हणाले आणि मला टिचकी मारली. "चुगलखोर लेकाचा!"

तेच माझं नाव पडलं.

त्याच संध्याकाळी मी 'सा' पाहिला, म्हणजे प्रार्थनेसाठी सगळं गाव थांबतं ती वेळ. सूर्य समुद्राला टेकत होता. एका गावात नीरफणसाच्या फांदीला टांगलेल्या रिकाम्या सिलिंडरवर कुणीतरी लोखंडाने टोले घातले. ते सिलिंडर आमच्याच मालकाचं, कधीच परत न आलेलं. लुंग्या नेसलेले तरुण रस्त्याच्या दोन्ही कडांना पहाऱ्याला उभे राहिले. काकांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, टोपी काढून मांडीवर ठेवली. भिंती नसलेल्या घराघरांतून स्तोत्र उमटलं, आणि रस्ता, कोंबड्या, मुलं, गाड्या सगळं जागच्या जागी थांबलं. ज्याचं कामच हलण्यावर नजर ठेवण्याचं, त्या मला त्या थांबण्याने भारून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मोएलागी धावत आली. "काका, काल सातही ठिपके एकदम लाल! मला वाटलं, पडदाच बिघडला."

"अगं बाई, सा होता!"

तिने जीभ चावली. "ऑकलंडमध्ये राहून विसरलेच मी."

मग सा चालू असताना ठिपके लाल होणार नाहीत, अशी सोय तिने केली. बाकीचं थांबणं मात्र मोजलं जाई, आणि मालक रोज संध्याकाळी ते चालकांना वाचून दाखवत.

काकांना साखरेचा आजार. सकाळी गोळी घ्यायची आणि दुपारी वेळेवर जेवायचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पूर्वी ते झाडाखाली गाडी लावत, केळीच्या पानातली पुडी सोडत, भाजलेले अळूचे कंद आणि नारळाच्या दुधात शिजलेली पानं चवीने खात. आता पुडी शेजारच्या सीटवर तशीच राही. "लाल झालो तर पोरगी बापाला दाखवेल," ते पुटपुटत आणि पुढचं गाव गाठत. जेवा हो काका, असं मला ओरडावंसं वाटे. पण तो शब्द मला कुणी शिकवलाच नव्हता. उपग्रह आकाशात टांगणाऱ्या माणसांना, माणूस थांबतो म्हणूनच चालतो, एवढं साधं का कळू नये?

एके दिवशी सांज होताना, सकाळच्या गोळीवर उपाशीच असलेल्या काकांचे हात थरथरू लागले. गाव जवळ आलं होतं, पण पहिलं घर यायच्या आतच त्यांनी कशीबशी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तेवढ्यात गावात टोले पडले. सा सुरू झाला. सगळे घरात, डोळे मिटून. रस्त्यावरच्या पोरांना वळणाआडची आमची गाडी दिसेना.

इंजिन घरघरत होतं. मी सांगत राहिलो: इथे. इंजिन चालू. इथे. इंजिन चालू.

पण सातही ठिपके थांबायचीच ती वेळ. कोण बघणार?

पुढचं मला मागाहून कळलं. ऑफिसातही प्रार्थना चालली होती. मालकांची प्रार्थना लांबलचक. लहानपणी प्रार्थनेत डोळे उघडायची म्हणून मोएलागीने आईच्या टपल्या खाल्ल्या होत्या, आणि ती खोड ऑकलंडला राहूनही गेली नव्हती. तिने एक डोळा किलकिला केला. पडद्यावर सहा ठिपक्यांची इंजिनं बंद. एकाचं चालू.

सामध्ये जे टोपीसुद्धा डोक्यावर ठेवत नाहीत, ते काका इंजिन चालू ठेवतील?

ती उठून बाहेर पळाली. काकांचा फोन माझ्या शेजारी वाजून वाजून थांबला. मग तिने अलीकडच्या गावात थांबलेल्या फालानिकोला फोनवर गाठलं.

"अगं, सा चाललाय!" तो कुजबुजला. "दंड भरायला लावशील मला!"

"दादा, काकांची गाडी उभी आहे, पण इंजिन चालू आहे."

फालानिकोने फोन टाकला. त्याने गाडी सुरू केली. भर सामध्ये! लुंगीवाले तरुण आडवे आले. गलका ऐकून गावचे वृद्ध मताई, गावाचे प्रमुख, प्रार्थनेतून उठून रस्त्यावर आले. फालानिकोने सांगितलं. मताईंनी पोरांना बाजूला सारलं.

"देव थोडं थांबेल," ते म्हणाले. "तू जा. आणि पोरांनो, बघता काय? चढा मागे! उचलायला हात लागतील."

मी गाडीचा आवाज ऐकला. दार उघडलं. "म्हातारबुवा! ए म्हातारबुवा!" फालानिकोचा आवाज रडवेला झाला होता. काकांनी ओठ हलवले. चौघांनी त्यांना उचललं, आणि ती गाडी सुसाट दवाखान्याकडे गेली. जाताना कुणीतरी हात घालून आमचं इंजिन बंद केलं.

एवढंसं 'इथे' म्हटलं होतं मी. त्यावर एक अख्खं गाव प्रार्थनेतून उठलं. आकाशाचं नवल मोठं की याचं, मला अजून ठरवता येत नाही.

काका वाचले. परत आले त्या दिवशी मोएलागी गाडीत येऊन बसली.

"लाल काढून टाकलाय," ती म्हणाली. "आता थांबलेला ठिपका निळा. दुपारी निळा दिसला नाही, तर मी फोन करणार. जेवलात का, म्हणून."

"आणि नसलो जेवलो तर?"

"तर काकूंना सांगणार."

"म्हणजे खरी चुगलखोर तूच!"

आता माझ्या अंगाला तडा गेलाय. माझ्या जागी नवा येणार आहे. त्याला म्हणे डोळा असेल, गाडी चालवणाऱ्याच्या तोंडावर रोखलेला. येऊ दे. पण पडद्यापुढे बसणाऱ्यांनो, ठिपका थांबलेला दिसला तर 'का थांबलास' असं विचारू नका हो. आधी विचारा, 'बरा आहेस ना?'

टोले पडताहेत. काकांनी टोपी मांडीवर ठेवली आहे. आकाश हाक मारतंय आणि मी ओ देतोय: इथे. इंजिन बंद.

आणि शेजारच्या सीटवरची पुडी रिकामी आहे. ते मला सांगता येत नाही, पण आहे.