सखूबाईंची भरती

पनवेलला माझं बारा खाटांचं हॉस्पिटल होतं तेव्हाची गोष्ट, ब्याण्णव-त्र्याण्णव सालची. मी हाडांचा डॉक्टर, आणि स्वभावाने तापट. भूल द्यायला शशिकलाबाई यायच्या. लुनावरून, आपली बॅग पुढे ठेवून. त्यांच्या संथपणाचा मला भयंकर राग यायचा. आज कौतुकाने लिहितो आहे, पण तेव्हा मी दात-ओठ खायचो.

सखूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. उरणकडच्या मिठागरातल्या. बांधावरून घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. मुलगा बळीराम हात जोडून म्हणाला, "डाक्टर, पाय लंगडा रायला तरी चालंल, पन आयेचं डोकं शाबूत पायजे."

कारणही तसंच होतं. खाडीचं पाणी आत घ्यायची उघाडी, म्हणजे बांधातलं लाकडी दार, कधी उघडायचं ते फक्त म्हातारी सांगायची. त्यातून गेल्याच वर्षी त्यांच्या गावचा दयाराम माझ्याकडून मांडीच्या हाडाचं ऑपरेशन करून घरी गेला, तो बायकोला ओळखेनासा होऊन. मी त्याला 'वयाचा परिणाम' म्हटलं होतं. गुंगीचा पुरा डोस द्या, असं त्या वेळच्या भूलतज्ज्ञाला मीच बजावलं होतं, हे मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.

शशिकलाबाईंची एक पद्धत होती. ऑपरेशनच्या आधी म्हाताऱ्या पेशंटजवळ बसायचं आणि त्याच्या रोजच्या कामातला एक प्रश्न विचारून उत्तर केसपेपरवर लिहून ठेवायचं. हलवायाला पाकाबद्दल, शिंप्याला बाह्यांच्या मापाबद्दल. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा. "पंतप्रधानांचं नाव विचारून काय कळणार?" त्या म्हणायच्या. "ते शुद्धीतल्यांनाही येत नाही."

त्या सकाळी त्यांनी विचारलं, "मावशी, आज भरती किती वाजता?"

"आज तीज. तिथीची पाऊनपट करायची. सव्वादोनला." म्हातारी वर म्हणाली, "तुमी उपाशी ठेवलंव ते बरंच झालं."

शशिकलाबाईंनी 'सव्वादोन' लिहून घेतलं. मी घड्याळ बघत होतो.

टेबलावर कंबरेत सुई देऊन पाय बधिर केले. मग गुंगीचं औषध. मी म्हटलं, पुरा डोस द्या, म्हातारी हलायला नको. बाईंनी पाव दिला आणि नाडीवर बोट ठेवून बसून राहिल्या. दोन मिनिटं, तीन मिनिटं, चार.

"लागू पडलं नाही," मी खेकसलो. "उरलेलं द्या."

"म्हाताऱ्या रक्ताला घाई नसते, डॉक्टर. औषध हातातून डोक्यापर्यंत पोचायला वेळ घेतं. तेवढ्यात आपण दुसरं टोचतो, आणि मग दोन्ही एकदम पोचतात. ब्लडप्रेशर ढासळतं, डोक्याला रक्त कमी पडतं. माणूस उठतो, पण जसा होता तसा उठत नाही."

मला दयाराम आठवला. मी हातमोजे ओढत थांबलो, पण पटलं म्हणून नव्हे. सहाव्या मिनिटाला म्हातारीचे डोळे जडावले. मी हाडात खिळा ठोकत असताना ती अधूनमधून काहीबाही पुटपुटत होती. हिला गप्प करा, म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "ती बोलते आहे तोवर मला दुसरं यंत्र नको." आमच्याकडे दुसरं यंत्र नव्हतंच म्हणा. दोनदा प्रेशर उतरलं आणि दोनदा त्यांनी सलाईन वाढवून, पाय उंच करून ते वर आणलं. दीड तासात त्या एकदाही खुर्चीवरून उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही खाटेशी गेलो. बळीराम पायथ्याशी उभा होता, रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. या वेळी मीच विचारलं. उत्तर मनात तयार होतं. काल तीज, आज चौथ, चौथीची पाऊणपट तीन.

"मावशी, आज भरती किती वाजता?"

"पावनेचार."

बळीरामने माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा त्याने वाचला असावा, कारण त्याने खाटेची कड धरली. आणि मी, त्याच्यादेखत, बाईंवर घसरलो. "झालं? थेंब थेंब देऊन काय साधलंत? ही तिथी विसरली."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी वाकून विचारलं, "मावशी, पावणेचार कसे?"

"आज पाचवं नाय का? चौथ काल लागली न पहाटेच्या आत सरली. काल संकष्टी होती, उपाशी नव्हतंव ठेवलं मला?" मग माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "डाक्टर, काल गुंगीची सुई तुमाला पन दिली काय?"

सिस्टरने भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे धरलं. पंचमी. चतुर्थीचा क्षय.

मी तिथेच, सगळ्यांसमोर, बाईंची माफी मागितली. त्यांनी फक्त मान हलवली आणि केसपेपरवर 'पावणेचार' लिहून खाली सही केली. त्यांच्या बोटांकडे बघताना मला दयारामची बायको आठवत होती. त्या दिवसापासून म्हातारं माणूस टेबलावर असलं की 'पुरा डोस' हे शब्द मी उच्चारले नाहीत.

बळीराम मात्र आमचं काही ऐकत नव्हता. त्याने घड्याळ पाहिलं, आईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उघाडीवर वेळेत पोचायला उरणच्या एसटीकडे धावत सुटला. पाय कसा आहे, हे त्याने विचारलंच नाही.