दोन तपासनीस, एक यकृत

पद्माकरांची सारी नोकरी यशवंतपूरजवळच्या एका सरकारी कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासण्यात गेली. तिथला एक नियम त्यांनी निवृत्तीनंतरही सोडला नव्हता. महत्त्वाचा भाग दोघांनी तपासायचा आणि एकाचा निकाल दुसऱ्याला कळू द्यायचा नाही. त्यामुळे त्यांचे हृदयाचे डॉक्टर आणि यकृताच्या डॉक्टर यांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

"आत मी बोलेन," व्हाइटफील्डला यकृताच्या दवाखान्यासमोर रिक्षातून उतरताना त्यांनी बायकोला बजावलं. प्रतिमाबाईंनी मान हलवली.

पद्माकरांना जुना हेपटायटिस बी होता. यकृताचा कॅन्सर झालाच तर लवकर कळावा म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्त तपासणी व्हायची. या खेपेला रक्तातली एएफपी ही कॅन्सरची खूण नेहमीइतकीच होती. पिव्का नावाची दुसरी खूण मात्र भलतीच चढली होती.

"सोनोग्राफीत काही नाही, अण्णा," डॉ. दिव्यश्री म्हणाल्या. त्यांचं मराठी पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेलं. "पण हा आकडा सरी, म्हणजे बरोबर, वाटत नाही. एमआरआय करू."

"कॅन्सर आहे का?" प्रतिमाबाईंनी विचारलं.

"आहे म्हणत नाही. नाही असंही आज म्हणवत नाही."

"मशीन कॅलिब्रेट केलेलं आहे?" पद्माकरांनी विचारलं.

"आहे."

"नमुना?"

"दोनदा लावला."

पद्माकरांचा चेहरा उतरला. मशीन बरोबर, नमुना बरोबर. म्हणजे नग सदोष. आणि नग ते स्वतः होते.

"दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"यकृतासाठी तुमचीच."

"आणि बाकी?"

"तो विभाग वेगळा आहे."

"अहो, जीव जायची वेळ आली तरी विभाग?" प्रतिमाबाई खुर्चीतून उठल्याच. "डॉक्टर, हे रक्त पातळ व्हायची गोळी घेतात. वॉरफरिन. हृदयासाठी. मला गप्प बसवलंय!"

"प्रतिमा, एका तपासनिसाचं दुसऱ्याला..."

"खड्ड्यात गेले तुमचे तपासनीस!"

दिव्यश्रींनी पेन खाली ठेवलं. "स्वल्प थांबा, अक्का. या गोळीनं पिव्का वाढतं. कॅन्सर नसला तरी वाढतं."

"मग आजपासून गोळी बंद," पद्माकर म्हणाले.

"मुळीच नाही! तिला हात लावायचा नाही. त्या डॉक्टरांशी मी बोलते. खात्रीसाठी एमआरआय मात्र होणारच."

एमआरआय स्वच्छ आला. परतताना रिक्षा सिग्नलला अडकून पडली. प्रतिमाबाईंनी दोनदा डोळे पुसले आणि दोन्ही वेळा धुराला दोष दिला.

"मशीन बरोबर, नमुना बरोबर, नगही बरोबर," पद्माकर हिशेब लावत होते. "मग चुकलं कुठं?"

प्रतिमाबाईंनी फोन काढून हृदयाच्या डॉक्टरांची वेळ मागितली.

"आणि तिथं आत मी बोलेन," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त सुईसाठी हात पुढं करायचा."