कार्बोरेटरवरचा लाल ठिपका

करडीच्या आनंदराव गुरुजींच्या जुन्या गाडीतून खर्रखर्र आवाज येऊ लागला, आणि गुरुजींनी गाडीच्या आधी ताराचंदलाच तपासायला घेतलं.

ताराचंद हा तुमसरचा मिस्त्री, गुरुजींचा जुना विद्यार्थी. बावीस वर्षांत या गाडीला त्याच्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. पोटच्या पोरावर नसेल एवढा गुरुजींचा त्याच्यावर भरवसा, म्हणून तर जीव जास्त जळत होता. दिवाळीनंतर त्याच्याकडून सर्व्हिसिंग करून आणली आणि त्याच आठवड्यात हा आवाज सुरू झाला. यानं चांगला पार्ट काढून भंगारातला बसवला की काय? गुरुजींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, ती मग चुकचुकतच राहिली.

आवाजही मोठा लबाड. गुरुजी एकटे मोहाडीला गेले की गाडी मुकाट. पत्नी वच्छलाबाईंना गुडघ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन निघाले की गाव सुटायच्या आत समोरून खर्र, खर्र. ताराचंदकडे नेली की पुन्हा चिडीचूप. त्यानं बॉनेट उघडून लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

"इंजिन साफ हाये, गुरुजी."

"मंग आवाज काय मले सपनात येऊन राहिला?"

"तसं नाही म्हणत जी. उद्या दिवसभर गाडी माह्याकडे ठेवा. पाहतो."

दिवसभर ठेवा! म्हणजे उरलेसुरले पार्टही काढायला मोकळा. गुरुजींनी घरी येऊन सुनेची नेलपॉलिशची बाटली उचलली आणि कार्बोरेटर, अल्टरनेटर, स्टार्टर यांच्या बुडाशी एकेक लाल ठिपका दिला. आता बदल म्हणावं! छत्तीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला खुणा करायची सवयच. एकदा वर्गातले खडू नाहीसे व्हायला लागले, तेव्हाही त्यांनी खडूंना शाईचा ठिपका लावला होता आणि एका पोराचं दप्तर सगळ्या वर्गासमोर उपसलं होतं. खडू काही सापडले नाहीत. दप्तर कुणाचं होतं, ते आता गुरुजींना आठवतही नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी गाडी परत आणून त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं. तिन्ही ठिपके जागच्या जागी. दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. गुरुजींना वाटलं, यानं ठिपके पाहिले, म्हणून हात लावला नाही. भारीच बेरकी झाला पोरगा! संशयाला खुराक लागत नाही, तो उपाशीपोटीही फुगतो.

सोमवारी वच्छलाबाईंना घेऊन निघाले आणि आवाज सुरू झाला. गुरुजींनी दवाखाना सोडून गाडी तशीच वाजत वाजत ताराचंदच्या दारात नेली. चोर मुद्देमालासकट पकडल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

"आयक आता! हे काय हाये?"

ताराचंद मागच्या सीटवर बसला. "चालू राहू द्या." मान वाकडी करून त्यानं थोडा वेळ ऐकलं, मग दोघांच्या मधून हात घालून हीटरचं बटण फिरवलं. आवाज बंद. परत फिरवलं. खर्र, खर्र.

"हीटर कवापासून लावता, काकू?"

"थंडी पडली तवापासून. माहे गुडघे धरतात न बापा. हे एकटे असले का लावतच नाही. पेट्रोल खाते म्हणतात."

ताराचंदनं वच्छलाबाईंना खुर्ची दिली आणि डॅशबोर्डखालचा हीटरच्या पंख्याचा डबा खोलून पेपरावर उपडा केला. दोन ओंजळी धान पडलं, वर गोधडीच्या चिंध्या.

"उंदरानं कोठी भरली जी. गाडी कुठं ठेवता?"

"पडवीत. धानाच्या पोत्याजवळ..." गुरुजींनी पेपरावरच्या धानाकडे पाहिलं. सर्व्हिसिंगच्याच आठवड्यात शेतातलं नवं धान घरी आलं होतं, आणि पोती गाडीला लागून त्यांनीच रचून घेतली होती.

"काखेत कळसा अन् गावाले वळसा!" वच्छलाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. गुरुजीही हसले. छातीवरचं ओझं उतरलं होतं. ताराचंद चोर नव्हता, याचा त्यांना खरंच फार आनंद झाला. त्या भरात त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"माहा तं पहिल्यापासून तुह्यावर पुरा भरवसा होता रे!"

ताराचंदनं डबा साफ करून बसवला, फडक्यानं हात पुसले आणि वच्छलाबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं जवळ आला.

"गुरुजी, ते तीन लाल ठिपके पुसून टाकू, का राहू देऊ?"

गुरुजींनी बॉनेटकडे पाहिलं.

"सातवीत माह्या दप्तरात बी तुमाले खडू भेटले नव्हते," ताराचंद म्हणाला. आवाजात राग नव्हता. किल्ली त्यानं नेहमीसारखी दोन्ही हातांनी पुढे केली.

गुरुजींनी किल्ली घेतली नाही. त्याच्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं, बॉनेट उघडलं आणि ते कार्बोरेटरवर वाकले.

"तसं नाही निघत जी ते," मागून ताराचंद म्हणाला. "राहू द्या."

गुरुजी घासतच राहिले.