जानचं जस्ताचं चिलखत

मित्रांनो, हे मी सांगणारच नव्हतो. यात माझी थोडी नाचक्की आहे. पण माझ्या पेटीतलं खोगीर म्हणालं, तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. आणि त्याला तिखटमीठ लावायची सवय आहे.

मी एक जुनं चिलखत आहे. लढाईतलं नाही, मिरवणुकीतलं. फ्रान्सच्या लोरेन प्रांतातल्या एका लहान गावात, चर्चमागच्या खोलीत, लाकडी पेटीत राहतो. तुम्ही जिला जोन ऑफ आर्क म्हणता, तिला इथे नुसतं जान म्हणतात, घरातल्या पोरीला म्हणावं तसं. ती याच बाजूची, शेतकऱ्याची मुलगी. सतरा वर्षांची असताना पुरुषाचे कपडे घालून राजाकडे गेली, शहराचा वेढा फोडला, आणि एकोणिसाव्या वर्षी तिला जिवंत जाळलं. तिला संत म्हणायला पुढे जवळजवळ पाचशे वर्षं लागली.

ती संत झाली त्या उन्हाळ्यात फिर्मं नावाच्या पत्रेवाल्यानं मला बनवलं. चर्चच्या छपराचा जस्ताचा पत्रा उरला होता, तोच कापला आणि ठोकला. माप घेतलं स्वतःच्या चौदा वर्षांच्या मुलीचं, कोलोंबचं. पुढच्या मे महिन्यात, जानच्या मिरवणुकीत, ती जान बनून मला घालून घोड्यावर बसली. लोक म्हणाले, अगदी पोलाद वाटतंय. मी ते मनावर घेतलं.

नंतर दरवर्षी नवी मुलगी, आणि त्यातून एक रीत पडली. मार्चमधल्या एका रविवारी पोरी गावच्या कचेरीत जमायच्या आणि एकेक जण मला घालून बघायची. जिच्या अंगावर माझे चारही पट्टे लागले, ती त्या वर्षीची जान. घोड्यावर बसता येतं का, हे कुणी विचारायचं नाही. मला वाटायचं, जानला मीच निवडतो.

मधे दुसरं महायुद्ध आलं. मला गवताच्या गंजीत लपवलं आणि विसरले. सहा वर्षं माझ्या छातीत उंदीर राहिले. शेवटी कोलोंबनंच मला शोधलं, राख आणि व्हिनेगर लावून घासलं. तेव्हापासून दर वसंतात तीच घासायची.

अशी सत्तर वर्षं गेली. मग लुदिवीन आली. गवळ्याची मुलगी, रुंद खांद्यांची, पहाटे चाळीस गायींचं दूध काढणारी. मिरवणुकीचा घोडा तिच्याच घरचा होता. सलग तीन वर्षं लगाम तिच्या हातात आणि पाठीवर दुसरीच कुणीतरी. मागच्या वर्षीच्या जाननं तर भीतीनं डोळे मिटून घेतले होते. लुदिवीनला एकोणीस चालू होतं. त्यानंतर कुणाला जान होता येत नाही, कारण जान त्याच्यापुढे जगलीच नाही. म्हणजे ही शेवटची खेप.

तिनं श्वास रोखला. तीन पट्टे लागले. चौथा वीतभर लांब राहिला.

सरपंच आन्सेल्म हसले. ‘‘पोरी, जान काही रोज लोणी खायची नाही.’’

‘‘काका, मग घोडाही जानच्या घरचाच आणा,’’ लुदिवीन म्हणाली, आणि पट्टे सोडायला लागली. सोडता सोडता चौथा पट्टा तिनं गुपचूप आणखी एकदा ओढून पाहिला. ते मला कळलं, दुसऱ्या कुणाला नाही.

कोपऱ्यात कोलोंब बसली होती, चौऱ्याऐंशी वर्षांची. ती काठी टेकत उठली.

‘‘आन्सेल्म, हे माप माझं आहे. पहिलं महायुद्ध संपून दोन वर्षं झाली नव्हती. आम्ही बीट उकडून खायचो, माझ्या बरगड्या मोजता यायच्या. सत्तर वर्षं तुम्ही माझ्या उपाशी पोटाचं माप पुजताय.’’

तिनं काठीचं टोक माझ्या छातीवर टेकवलं.

‘‘खऱ्या जानला चिलखत केलं ते तिच्या अंगाच्या मापानं,’’ ती म्हणाली. ‘‘पत्र्याची कात्री आणा.’’

सरपंचांनी गावाच्या ठेव्याचं काय, असं काहीसं म्हणून पाहिलं. ती म्हणाली, ठेवा माझ्या बापानं केलाय, मी कापते.

मित्रांनो, मला दोन्ही बगलांखाली कापलं. दुखलं नाही, पत्र्याला दुखत नाही. लाज मात्र वाटली. इतकी वर्षं मी ज्यांना नाकारलं, त्यांत किती लुदिवीन होत्या, ते मला ठाऊक नाही. कडांना भोकं पाडून जुन्या जोताच्या चामड्याच्या वाद्या ओवल्या.

मे महिन्यात लुदिवीन बसली. घोड्यानं तिला ओळखलं आणि चर्चच्या चढावर चक्क दुडक्या चालीनं निघाला. तिच्या हातातलं जानचं निशाण पहिल्यांदाच नीट फडकलं. कोलोंब खुर्चीत बसून बघत होती. पुढच्या वसंतात मला घासायला लुदिवीन आली.

जुन्या वस्तू जपा, मित्रांनो. पुसा, कोरड्या ठेवा. फक्त त्यांच्या मापात माणसं कोंबू नका.

आता मी पेटीत आहे. खोगीर विचारतं, हडकुळी आली तर? मी म्हणतो, वाद्या आवळतील. आणि लुदिवीनहून मोठी आली तर?

त्याला मी शब्द दिलाय. जागा देईन, आणि करकर करणार नाही.