खांबाची सावली

पत्त्याएवढा पुठ्ठ्याचा तुकडा, आणि त्यावर अकरा तपकिरी पट्टे – बोटभर लांब, शेजारी शेजारी, प्रत्येकाखाली पेन्सिलीने घातलेला आकडा – आणि अकराव्यानंतर बोटभर जागा कोरी. व्हर्लीनच्या अंगठ्याखाली नेमकी ती कोरी जागा आली होती. सहा नंबरच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती, हातमोजा काढून, थंडीने बोटं वळत नव्हती तरीही. आणि अंगठा हलवला की पुठ्ठा काहीतरी विचारेल असं तिला वाटत होतं... पुठ्ठा कसला विचारतोय. पण सत्तरी उलटली आणि घरात दुसरं कोणी बोलायला नसलं की पुठ्ठेसुद्धा बोलायला लागतात.

पुठ्ठा केझायाचा. केझाया ब्रॉडनॅक्स, चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाची, उंच, तोंडाने फटकळ. फेब्रुवारी हा आपल्या काळ्या लोकांच्या इतिहासाचा महिना, त्यातून यंदा विद्यापीठातल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या घराला पन्नास वर्षं होत होती, म्हणून त्या घराच्या दिवाणखान्याची अख्खी भिंत केझायाला रंगवायला दिलेली. भिंतीवर तोच फोटो काढायचा, एकोणसत्तर सालचा, कुलगुरूंच्या कचेरीच्या पायऱ्यांवरचा. तीन दिवस आत ठिय्या देऊन बसलेली मुलं, हे घर आणि आपला इतिहास शिकवणारा एक तरी प्राध्यापक कबूल करून घेऊन बाहेर आली, तेव्हाचा. फोटो काळा-पांढरा, भिंत मात्र रंगीत हवी. मग कोणाचा चेहरा कोणत्या रंगाचा होता हे आता सांगणार कोण? त्या मुलांपैकी थॅड आता क्लीव्हलंड शहरातल्या वृद्धाश्रमात स्वतःचं नाव विसरून बसलेला. बाकीच्यांपैकी जे हयात होते त्यातल्या एकाने पत्राला उत्तर धाडलं, आणि त्यात एवढंच लिहिलं – तपकिरी. राहता राहिली व्हर्लीन. ओहायोतलं हे गाव तिने कधी सोडलंच नाही, आणि त्याच विद्यापीठाच्या एका कचेरीत एकतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं टाइप करून ती निवृत्त झाली होती.

केझाया पहिल्यांदा आली ती एका गुरुवारी, रंगांच्या नळ्या पिशवीत घालून, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने दुकानच मांडलं. "सांगा मिस व्हर्लीन. एक नंबर, थॅड. कसा होता?"

"भाजलेल्या रताळ्याच्या सालीसारखा."

"आणि ही विल्मा?"

"कॉफीत दूध जास्त पडलं की होते ना, तशी. नाही गं, अजून थोडं लाल घाल. तिला राग लवकर यायचा."

"रागाचा रंग नकोय मला, कातडीचा द्या," केझाया म्हणाली, पण लाल घातला. ल्यूथरला पातळ काकवी झाली. व्हर्लीनच्या स्वतःच्या पट्ट्याला, चार नंबरला, पांढरा इतका लागला की केझाया नळी पिळत म्हणाली, "तुम्ही एकट्यांनीच माझी अर्धी नळी खाल्लीत." व्हर्लीन हसली. त्या स्वयंपाकघरात ती हसली त्याला किती दिवस झाले होते कोण जाणे... नवऱ्याला, क्लिओफसला, जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा अटलांटाला, रविवारी फोन करतो, जेवलीस का विचारतो आणि उत्तर पुरं व्हायच्या आत बरं ठेवतो म्हणतो. वाईट नाहीये तो. पण दुसरी खुर्ची टेबलाखालून बाहेर ओढली जाण्याचा आवाज – तो करकर आवाज – ती पार विसरून गेली होती. पुढच्या गुरुवारी केझाया काही काम नसताना आली. त्याच्याही पुढच्या. मक्याचा गरम पाव लोणी लावून खायची, प्राध्यापकांच्या नकला करायची, आपल्या आजीशी बोलावं तशी तक्रारी करायची. व्हर्लीन बुधवारी न चुकता लोणी आणायला लागली. आज बुधवारच होता. लोणी मांडीवरच्या पिशवीत होतं.

आणि त्याच पहिल्या गुरुवारी, अकरा पट्टे झाल्यावर, फोटोच्या डाव्या कडेला बोट ठेवून केझायाने विचारलं होतं, "आणि हे काय आहे? खांबाजवळ? माणूस आहे का सावली?"

"सावली," व्हर्लीन म्हणाली होती. "खांबाची."

इतक्या चटकन. जणू पन्नास वर्षं ते उत्तर जिभेवर तयारच होतं, कोणी विचारायचीच काय ती खोटी. मग केझायाने त्या मुलांच्या हातातला फलक पाहिला – *आम्हीही इथलेच* – आणि ती बराच वेळ पाहतच राहिली. "ही अक्षरं कुणी काढलीत हो? हा हात एकतर कुणीतरी नीट शिकवलेला आहे, नाहीतर कुणीच शिकवलेला नाही."

"आम्ही सगळ्यांनीच काढली," व्हर्लीन म्हणाली, आणि उठून उगीचच ओटा पुसायला लागली.

बस वळली. पुलापलीकडे विद्यापीठाचे विजेचे खांब, प्रत्येकावर कोणा ना कोणा काळ्या शास्त्रज्ञाचं, कवयित्रीचं, गायकाचं चित्र, वाऱ्याने फडफडणारं. महिना संपला की उतरवतात. आज सकाळी केझायाचा फोन आला होता: सगळं झालंय, एक कोपरा राहिलाय, आज खांबाची सावली टाकते, उद्या वरून रोगण, शनिवारी उद्घाटन. आणि तो पुठ्ठा तुमच्याकडेच राहिलाय, घेऊन या, तुमचं नाक जरा फिकट पडलंय. आज सावली टाकते... म्हणजे आजच. रोगण बसलं की बसलं.

आर्झेला.

नाव मनात घेतलं तरी कानाच्या पाळीला चटका बसतो. वसतिगृहाच्या खोलीत, शनिवारी दुपारी, शेगडीवर तापवलेली लोखंडी फणी, तेल जळल्याचा वास, आणि पाठीमागे पलंगावर बसलेली आर्झेला प्रुइट, तिच्या दोन गुडघ्यांच्या मधे खाली जमिनीवर व्हर्लीन – केस सरळ करून घेत. "कान धर, व्ही." कान स्वतःच धरायचा, दुमडून खाली दाबून ठेवायचा, म्हणजे फणी लागत नाही. "हलू नकोस. हललीस तर माझा दोष नाही." आणि तिच्या हातून कधी, एकदाही, भाजलं नाही. व्ही म्हणणारी ती एकटीच. क्लिओफस बाईसाहेब म्हणायचा, कचेरीत मिसेस स्टोव्हॉल. व्ही त्या वर्षानंतर कोणी म्हटलंच नाही. तो फलक तिचा होता. स्वतःच्या पलंगावरची चादर फाडून तिने जमिनीवर पसरली, रात्रभर ओणवी बसून अक्षरं काढली, आणि पुढचे तीन आठवडे उघड्या गादीवर झोपली. आत ठिय्या दिला तेव्हा थंडीत कोट तिने मला दिला – मला, कारण मला लवकर थंडी वाजायची – आणि स्वतः कपाटाला टेकून बसली.

मग पायऱ्या. वर्तमानपत्राचा माणूस कॅमेरा घेऊन आला, म्हणाला, नीट उभे राहा. मागण्यांचा कागद व्हर्लीनने टाइप केलेला, म्हणून त्या दिवशी सगळे तिचं ऐकत होते. तिने एकेकाला उभं केलं. आर्झेला मधोमध उभी होती, आपल्या फलकाचं टोक धरून. आणि व्हर्लीन म्हणाली – हसत म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं – "आर्झेला, तू जरा खांबाकडे सरक. तू मधे राहिलीस तर फोटोत नुसते दातच दिसतील."

सगळे हसले. ल्यूथरही हसला, तो काही तिच्याहून उजळ नव्हता. पण तो मुलगा, त्याला कोण मागे हो म्हणणार! आर्झेला सरकली. फलकाचं टोक व्हर्लीनने धरलं. कॅमेऱ्याचा दिवा भपकन उडाला. उजळ चेहरे उमटले आणि खांबाजवळ एक काळा डाग उमटला, बस. नंतर कितीतरी वर्षांनी, घरात कोणी नसताना, तिने भिंग घेऊन तो डाग पाहिला होता. दातसुद्धा नव्हते. तोंड मिटून घेतलं होतं तिने.

मे महिन्यात ती गावी गेली आणि परत आलीच नाही. वडील आजारी होते म्हणे. त्या वाक्यामुळे गेली असं मी म्हणत नाही... एका वाक्याने कोणी शिक्षण सोडतं का? पण पत्र पाठवलं ते परत आलं, आणि दुसरं मी पाठवलं नाही, हे खरं. आता सांगायचं तरी कोणाला? केझायाला? तिचे हात रंग कालवताना टेबलावर समोर असायचे, मनगटाशी निळसर झाक मारणारे, आर्झेलासारखेच गडद – आणि त्या हातांना लोणी पुढे करत म्हणायचं, की तुझ्यासारखीच एक होती, तिला मीच मागे सारलं? मग पुढच्या गुरुवारी खुर्ची कोण ओढणार? सावलीच राहू दे. कोणाचं काय अडलंय? भिंत सुंदर दिसेल, शनिवारी टाळ्या पडतील, मक्याचा पाव होईल... ती उतरली तेव्हा बसवाला म्हणाला, "सांभाळून मावशी, बर्फ आहे," आणि तिला उगीचच रडू आल्यासारखं झालं.

विद्यार्थ्यांच्या घरात गडबड चालली होती. आतून कोबीच्या हिरव्या पाल्याचा आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाचा वास. दोन मुली पाय आपटत, टाळ्या देत शनिवारचा नाच बसवत होत्या. जिन्यावर एक पोरगा सॅक्सोफोनचा एकच तुकडा पुन्हापुन्हा चुकत होता. "मिस व्हर्लीन आल्या," कोणीतरी म्हणालं, आणि मुलींनी नाच थांबवून तिला वाट दिली, अदबीने, एखाद्या पुतळ्याला देतात तशी.

भिंत तिने पाहिली. मधोमध ती स्वतः, दीड पुरुष उंच, उजळ, ताठ मानेची, आणि हातात फलकाचं टोक. अक्षरं अगदी तशीच उतरली होती, त्या लांब शेपटाच्या वळणासकट. डावीकडे खांब, आणि खांबाच्या अलीकडे माणसाएवढी जागा नुसत्या पांढऱ्या लेपाची. शिडीवर केझाया, हातात पसरट ब्रश.

"बघा, तुम्हाला किती देखणं केलंय. पण नाक फिकटच आहे," ती वरून म्हणाली. "पुठ्ठा आणलात? हा कोपरा उरकते आणि येते खाली. पाय मोडलेत माझे."

ब्रश राखाडी रंगात बुडाला होता. व्हर्लीनने तो निथळताना पाहिला.

"ती सावली नाहीये," ती म्हणाली.

"काय?"

"माणूस आहे. मुलगी. आर्झेला प्रुइट. ही अक्षरं तिची आहेत."

केझाया शिडीवरून उतरली. सावकाश, एकेक पायरी. "मग त्या दिवशी सावली का म्हणालात?"

आणि व्हर्लीनने सांगितलं. जे वाक्य पन्नास वर्षांत तिने मोठ्याने उच्चारलं नव्हतं ते तिने जसंच्या तसं म्हटलं, दातांसकट, नाचणाऱ्या मुली चार हातांवर उभ्या असताना. म्हणताना तिला स्वतःचा त्या वेळचा आवाज ऐकू आला, किती गोड, किती सहज.

केझाया फडक्याने हात पुसत राहिली. स्वच्छ झालेले हातही पुसत राहिली.

"हसली का ती?"

"हसली. सगळ्यांच्या आधी हसली."

"मीपण हसते," केझाया म्हणाली. "सगळ्यांच्या आधी." मग तिने हात पुढे केला. "पुठ्ठा द्या. आणि रंग सांगा."

रंग... रताळं, कॉफी, काकवी, सगळ्यांसाठी काही ना काही सुचलं होतं. आर्झेलाच्या रंगासाठी व्हर्लीनला लहानपणापासून ऐकलेले शब्द तेवढे आठवत होते, आणि त्यातला एकही तोंडातून काढण्याजोगा नव्हता. तुझ्यासारखा, एवढं म्हणता आलं असतं. तेवढी हिंमत झाली नाही.

केझायाने तपकिरीत निळा घातला, थोडा लाल. काळ्याच्या नळीला हात लावला नाही. "काळा घातला की चेहरा मेल्यासारखा होतो," ती म्हणाली, कोणाला उद्देशून ते कळलं नाही. कोऱ्या जागेवर तिने बाराव्या पट्ट्याची सुरुवात केली. "हा?"

"अजून गडद."

"हा?"

"अजून."

तिसऱ्यांदा निळा पडला आणि त्या तपकिरीला आतून उजेड आला. "हां," व्हर्लीन म्हणाली, आणि तिला एकदम खोलीतल्या शनिवारचं ऊन दिसलं, आपल्या खांद्यावरून खाली आलेल्या आर्झेलाच्या हातावर पडलेलं. इतकी वर्षं तिने तो रंग नीट पाहिलेला होता तर.

केझाया पुन्हा शिडीवर चढली होती. पाठ करूनच तिने विचारलं, "तोंड? उघडं की मिटलेलं?"

"मिटलेलं."

मिस व्हर्लीन असं तिने एवढ्यात एकदाही म्हटलं नव्हतं. व्हर्लीन भिंतीसमोरच्या खुर्चीवर बसली आणि तिने पिशवी मांडीवर घेतली. खुर्चीखालून गेलेल्या गरम पाण्याच्या नळाच्या उबेने लोणी मऊ पडत चाललं होतं. "उद्या येशील ना गं?" तिने विचारलं.

"बघते," पाठ म्हणाली.

पांढऱ्या लेपावर कपाळ उमटायला लागलं. जिन्यावरच्या पोराचा तुकडा एकदाचा बरोबर वाजला, मुली पुन्हा पाय आपटायला लागल्या. व्हर्लीन भिंतीकडे बघत बसली, उठावं असं तिला वाटेना. आणि बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, की आपला उजवा हात कधीचा वर गेलेला आहे, आपण आपला कान दुमडून घट्ट धरलेला आहे, आणि मान जराही हलू देत नाही आहोत.